काळी पाचचं पितळ

[गंगाखेड, संध्याकाळ. गल्लीत उभी बँडची गाडी. वर कर्णे, मागे जनरेटर.]

तुळशीचं लग्न लागलं की परभणी-नांदेड पट्ट्यातल्या बँडवाल्यांचे फोन वाजू लागतात. डीजेनं पुष्कळ सुपाऱ्या नेल्या, हे खरं. तरी परण्या निघताना पुढं पितळ वाजलंच पाहिजे, असं म्हणणारी घरं अजून आहेत. गंगाखेड तालुक्यातल्या या पथकाला यंदा नवा ट्रम्पेट घ्यायचाय. जुना मास्तरांचा, मेरठहून आणलेला. वाजवणार आता त्यांचा पुतण्या, आणि भांडण तिथंच सुरू झालंय.

पुतण्या म्हणतो, "काका, आपला आवाज लई टोचायलाय. गोड पाहिजे."

मास्तर म्हणतात, "टोचला नाही तर वरातीत कुणाला ऐकू येतंय?"

दोघंही बरोबर आहेत. मास्तर शिकले तेव्हा गाडीवर माइक नव्हता. उघड्या गल्लीत आवाज परतवून देणाऱ्या भिंती तुटक, वर आभाळ, बाजूला ढोल आणि साइड ड्रम. त्यात चाल शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची तर आवाजाला धार लागायचीच. आता बेलच्या, म्हणजे ट्रम्पेटच्या पुढच्या पसरट भागाच्या, तोंडाशी माइक असतो आणि वर कर्णे. धारदार आवाज कर्ण्यातून आला की पहिल्या मजल्यावरची म्हातारी खिडकी लावून घेते. पुतण्याला हवा तो गोडवा ही चैन नाही. वाजवायची जागाच बदललीय.

[मेरठ, जली कोठी. पितळी पत्रा ठोकणारे हात.]

आपल्याकडच्या बहुतेक बँडचं पितळ इथून येतं. मेरठच्या जली कोठीत, १८८५ साली सुरू झालेल्या नादिर अली यांच्या कारखान्याच्या आसपास हा धंदा वाढला. बिगुल, युफोनियम, ट्रम्पेट, सगळं इथं बनतं आणि ट्रान्सपोर्टनं मराठवाड्यात उतरतं. किंमत पथकाला झेपणारी. पोचा आला तर गावातला कारागीर काढून देतो, जोड सुटला तर डाग देतो. ज्या वाद्याला पंक्तीत ठेवलेल्या खुर्चीवरून पडायचंच आहे, त्याच्यासाठी ही सोय लहान नाही.

मग आवाज नेमका ठरतो कशानं? दुकानात गेलं की नजर आधी चकाकीवर जाते. चांदीचा मुलामा, सोनेरी लॅकर, निकेल. मुलामा इतका पातळ असतो की आवाजात त्याचा वाटा शोधायला बसलं तर दिवस जाईल. हाताच्या घामाला कोण किती दाद देतो, एवढंच त्यात बघायचं. चांदी काळवंडते पण पुसता येते. लॅकर उडालं की उडालं.

[माउथपीस, जवळून. वाटीच्या आत उजेड.]

आवाजाची चावी इथं आहे. ओठ टेकतात त्या वाटीत. वाटी उथळ असली की आवाज चमकदार, टोकदार. खोल असली की गोल आणि जाड. उथळ वाटीत वरचे सूर कमी दमात निघतात, म्हणून चार तास चालत वाजवणारा माणूस तिच्याकडं ओढला जातो. मास्तरांची वाटी उथळच आहे. टोचणं तिथून येतंय.

व्हिएन्नाजवळ १८९० साली जन्मलेला व्हिन्सेंट बाख स्वतः ट्रम्पेट वाजवायचा. अमेरिकेत जाऊन १९१८ साली त्यानं आधी माउथपीस करायला घेतले, ट्रम्पेट मागाहून. त्याचे ३सी, ५सी, ७सी हे नंबर आज जगभर चालतात. आकडा जितका लहान तितकी वाटी रुंद, अक्षर जितकं पुढचं तितकी उथळ. आता गंमत बघा, यामाहानं दोन्ही उलटं केलं. त्यांच्याकडं मोठा आकडा म्हणजे रुंद, आणि ए पासून पुढं जाईल तशी वाटी खोल. दुकानदाराला नुसतं "सी द्या" म्हणाल तर काय हातात पडेल सांगता येत नाही. कंपनीचं नाव आधी विचारा.

पुतण्यानं जुन्याच ट्रम्पेटला खोल वाटीचा माउथपीस लावून बघितला. निम्मं टोचणं जागच्या जागी गेलं. ट्रम्पेटच्या किमतीपुढं माउथपीसला पैसे ते किती लागतात! तरी आमच्याकडं लोक वाद्य बदलतात आणि जुनाच माउथपीस नव्या नळीत खुपसतात. आवाज पुन्हा तोच येतो, मग दुकानदाराच्या नावानं खडे.

असं असूनही नवा ट्रम्पेट लागणारच आहे, कारण जुन्याची बटणं झिजलीत. मराठी गाण्याला मींड हवी असते. ट्रम्पेटवर ती काढायची तर बटण अर्धं दाबून ओठानं सूर घसरवावा लागतो. बटणाखालचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, झिजून बाजूनं हवा गळत असली की ती घसरण मध्येच तुटते. वापरलेलं वाद्य घेताना एक साधी परीक्षा असते: बटण न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, झटक्यानं बाहेर ओढायची. 'टक्' असा आवाज आला तर पिस्टन हवा धरतोय.

[हार्मोनियम. एक बोट पाचव्या काळ्या पट्टीवर.]

बँडचा नेहमीचा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा. पेटीवाल्याच्या भाषेत काळी पाच. एकही बटण न दाबता जो षड्ज मिळतो, तो काळी पाचचा. नळी सरळ केली तर १४८ सेंटिमीटरच्या आसपास भरते. सी ट्रम्पेट आखूड असतो, पांढरी एकचा, आणि जरा जास्त उजळ बोलतो. गाणारा पांढरी एकमध्ये गातो म्हणून पुतण्याच्या मनात तो भरला होता. मास्तरांनी एका वाक्यात मोडीत काढला: "बाकीचे तिघं काळी पाचवर, तू एकटाच पांढरीवर. बोटं कुणाची बघून शिकणार?" पथकात वाजवणाऱ्यानं बी-फ्लॅट सोडू नये, असं माझंही मत आहे.

नळीच्या आतल्या व्यासाबद्दल, म्हणजे बोअरबद्दल, फार बोललं जातं. यामाहाच्या २३३० या शिकाऊ मॉडेलचा बोअर ११.६५ मिलिमीटर आहे आणि बहुतेकांना तेवढा पुरतो. मोठा बोअर म्हणजे मोठा आवाज, हा समज काढून टाका. मोठा बोअर जास्त दम मागतो, आणि पोलीस येऊन बंद करेपर्यंत चालणाऱ्या वरातीत दम हेच भांडवल.

[मे महिना. मंडपाबाहेर ऊन. घड्याळात बारा वाजून गेलेत.]

बारा पस्तीसचा मुहूर्त. सावलीतच ४० अंशांच्या पुढं. ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही, पण मराठवाड्यातल्या बँडला रोज भेटते. हवा तापली की तिच्यात आवाज जोरात धावतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. फुंकर मुळात कोमट असते म्हणून नळीतला फरक एवढा मोठा राहत नाही, पण सूर चढतो तो चढतोच. गाडीवरचा कीबोर्ड मात्र उन्हाला भीक घालत नाही. मग दोघांची भांडणं कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू जातात. उपाय मोठ्या स्लाइडचा. ती एक सेंटिमीटर ओढली की नळी दोन सेंटिमीटरनं लांबते आणि सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पाव हिस्स्यानं उतरतो. वाद्य कितीही सुरेल असलं आणि स्लाइड अडकलेली असली, तर आपल्या उन्हात ते बिनकामाचं. तिसऱ्या बटणाच्या स्लाइडला बोट घालायची कडी असते, तीही सैल सरकायला हवी. पहिलं आणि तिसरं बटण एकत्र दाबलं की सूर चढा लागतो, हा ट्रम्पेटचा जन्मजात दोष. ती स्लाइड पुढं सारूनच तो झाकता येतो.

[गोदावरीचा काठ, सकाळ. गोधडीवर मांडलेले तीन ट्रम्पेट.]

नांदेडच्या दुकानातून ओळखीवर तीन वाद्यं दिवसभरासाठी आणलीत. एक मेरठचं नवंकोरं, एक चिनी बनावटीचं, एक वापरलेलं जपानी. दुकानाच्या खोलीत सगळीच चांगली वाजली होती. छोट्या खोलीत कुठलंही पितळ राजा वाटतं.

इथं मास्तर लांब जाऊन उभे राहिले, वाजवणाऱ्याकडं पाठ करून. कारण ट्रम्पेटचा टोकदार भाग बेलमधून सरळ पुढं जातो. वाजवणारा असतो बेलच्या मागं. आपला आवाज लोकांना कसा लागतो, हे त्यालाच सगळ्यात कमी कळतं.

पुतण्याला चिनी आवडला होता. कानाशी मऊ, गोड. मास्तर लांबून ओरडले, "हे दबलंय रे! नदीच्या ह्या बाजूलाच राहायलंय." जपानी त्याला कोरडा वाटला होता, तो मास्तरांकडं भरून पोचला. मग त्याच जपानीला खोल वाटी लावली, आणि मास्तर वळून बघायला लागले.

बेलच्या धातूवरही तिथं चर्चा झाली. पिवळ्या पितळात तांबं ७० टक्के आणि जस्त ३०, गोल्ड ब्रासमध्ये तांबं ८५ टक्क्यांपर्यंत जातं. तांबं वाढलं की आवाजाला ऊब येते, असं वाजवणारे सांगतात. काठावर धुणं घेऊन बसलेल्या बायकांना असल्या भेदाशी कर्तव्य नव्हतं. वाटी बदलली तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

[दुकान, नांदेड. काउंटरवर जपानी ट्रम्पेट, बाजूला सुटा माउथपीस.]

व्यवहार वापरलेल्या जपानीवर ठरला, खोल वाटीच्या माउथपीससह. माइक बेलसमोरून जरा बाजूला बांधायचा, हेही ठरलं. समोर बांधला तर कमावलेला गोडवा कर्ण्यात पुन्हा टोकदार होतो. मेरठचा जुना ट्रम्पेट विकायचा नाही, नव्या पोरांना ओठ बसवायला ठेवायचा.

मास्तर आता तेलाच्या बाटलीवरून घासाघीस करायलेत. व्हॉल्व्ह ऑइल. आजवर पथकात खोबरेल चालायचं, आणि खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. परभणीची पौषातली रात्र ज्याला माहीत आहे, त्याला बटण खाली जाऊन वर का येत नाही, हे सांगायला नको. दुकानदार म्हणतो, बाटलीचे पैसे वेगळे. मास्तर म्हणतात, "दोन द्या, अन् त्याच पैशात द्या."