डुप्लिकेट आयपीचा अलर्ट आलाय? क्लिअर करण्याआधी मॅक लिहून घ्या

नमस्कार मंडळी. मागचा व्हिडिओ होता स्नॅपशॉटवर, पण खालच्या कमेंट बघितल्या तर विचारणा भलत्याच गोष्टीची. ‘सर, स्टोरेजवर डुप्लिकेट आयपीचा अलर्ट येतोय. क्लिअर केला की जातो, थोड्या वेळाने परत हजर.’ म्हणून आज फक्त तेवढंच.

बेसिक भरभर उरकतो. एका सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यात, एक आयपी एकाच यंत्राचा. मॅक म्हणजे नेटवर्क पोर्टचा हार्डवेअर पत्ता. कुठला आयपी कुठल्या मॅकवर आहे हे शोधतो एआरपी नावाचा प्रोटोकॉल, 1982 पासून तोच आहे. दोन वेगळे मॅक एकाच आयपीवर हक्क सांगायला लागले की अलर्ट. झालं बेसिक.

आता अलर्ट उघडा आणि पूर्ण वाचा. बहुतेक वेळा समोरच्याचा मॅक तिथेच दिलेला असतो. क्लिअर करण्याआधी, स्टोरेजचा कंट्रोलर रीबूट करण्याआधी, कुणालाही फोन लावण्याआधी तो मॅक आणि अलर्टची वेळ लिहून घ्या.

एकाने लिहिलंय, ‘मी पिंग करून बघितलं, एकच रिप्लाय येतो, म्हणजे कॉन्फ्लिक्ट नाहीच.’ नाही हो! पिंग करताना तुमचं मशीन स्वतःच्या एआरपी टेबलात जो मॅक आहे त्यालाच पॅकेट पाठवतं. दुसऱ्यापर्यंत ते जातच नाही. त्यात समोरच्या फायरवॉलने पिंग अडवला असेल तर काहीच कळणार नाही. त्याच सबनेटमधल्या लिनक्स मशीनवरून आर्पिंग (एआरपीने विचारणारी कमांड) चालवा, आणि मायनस बी (-b) द्यायला विसरू नका. ते दिलं नाही तर पहिलं उत्तर आल्यावर नेहमीचं आर्पिंग त्या एकाच मॅकला विचारत राहतं. एका आयपीसाठी दोन मॅककडून उत्तरं आली की पुरावा हातात. पुरावा म्हणजे काय, तर मॅक. पुन्हा तेच.

‘निम्मे होस्ट व्यवस्थित चालतात, निम्म्यांचा आयस्कझी पाथ पडतो, मग दोष स्टोरेजचाच ना?’ हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे. आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून स्टोरेज वापरायची पद्धत, होस्ट म्हणजे ते वापरणारा सर्व्हर. प्रत्येक होस्टचं एआरपी टेबल वेगळं असतं. ज्याच्याकडे खऱ्या कंट्रोलरचा मॅक आहे तो चालतो. ज्याच्याकडे दुसऱ्याचा आहे तो अशा यंत्राच्या 3260 या आयस्कझी पोर्टवर धडका मारतो, जिथे ऐकणारं कुणी नाही. आणि मल्टिपाथ, म्हणजे स्टोरेजकडे जायचे एकाहून जास्त रस्ते, असेल तर दुसरा पाथ काम सांभाळून घेतो, त्यामुळे कुणी तक्रारही करत नाही. तक्रार नाही म्हणून हा अलर्ट पिवळाच राहतो, कुणी उघडत नाही. याचा मला खरंच राग येतो.

रीबूटवाल्यांसाठी एक किस्सा. मी एका ठिकाणी मदतीला गेलो होतो. तिथली टीम अलर्ट आला की कंट्रोलर फेलओव्हर करायची, म्हणजे काम दुसऱ्या कंट्रोलरकडे द्यायची, आणि अलर्ट थांबायचा. थांबणारच! आयपी दुसऱ्या कंट्रोलरकडे गेला की तो ग्रॅच्युइटस एआरपी पाठवून सगळ्यांना सांगतो, ‘आता हा आयपी माझ्याकडे.’ सगळ्यांची टेबलं पुन्हा बरोबर होतात आणि दुखणं तात्पुरतं झाकलं जातं. पण दुसरं यंत्र आहे तिथेच आहे. अलर्टमधल्या मॅकचे पहिले तीन भाग, म्हणजे कंपनीची ओळख, आम्ही बघितले, तर तो निघाला जुना, निवृत्त केलेला स्टोरेज अ‍ॅरे. डेटा पुसायला कुणीतरी तो चालू केला होता आणि त्याचेच आयपी नव्याला दिलेले होते. पहिल्याच दिवशी मॅक लिहून घेतला असता तर प्रॉडक्शनवर एकही फेलओव्हर करावा लागला नसता.

जरा विषयांतर, पण प्रश्न चांगला होता: ‘दोघांच्या भांडणात माघार कोण घेतं?’ 2008च्या आरएफसी 5227 या इंटरनेटच्या मानकात तीन मार्ग दिलेत: लगेच आयपी सोडा, एकदा ठासून सांगा आणि 10 सेकंदांत पुन्हा भांडण झालं तर सोडा, किंवा डिफॉल्ट राउटरसारखं महत्त्वाचं यंत्र असाल तर अजिबात सोडू नका. दोघंही न सोडणारे भेटले की अलर्ट येतच राहणार.

नेटवर्क टीमकडे जाताना ‘आयपी कॉन्फ्लिक्ट आहे, बघा’ एवढंच सांगू नका. त्यांना मॅक द्या. स्विचच्या मॅक टेबलात तो शोधला की पोर्ट मिळतो. तो अपलिंक, म्हणजे दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट, असेल तर पुढच्या स्विचवर जायचं. मॅक 00:50:56ने सुरू होत असेल तर ते बहुधा व्हीएमवेअरचं व्हर्च्युअल मशीन, मग शोध हायपरवायझरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. बहुतेकदा तो एखादा क्लोन असतो, किंवा डीआर (आपत्तीनंतर सावरण्याच्या) टेस्टसाठी उठवलेली कॉपी, जिचं नेटवर्क वेगळं केलेलंच नव्हतं. सापडल्यावर त्याचा पोर्ट शट करा, स्टोरेजचा नव्हे.

एक अपवाद आहे. दोन्ही मॅक तुमच्याच अ‍ॅरेचे निघाले तर बाहेर कुणाला शोधू नका. एकाच सबनेटमध्ये दोन पोर्ट दिले असतील किंवा नुकताच फेलओव्हर झाला असेल. स्वतःच्या पोर्टांची मॅक यादी आधी जुळवून बघा.

शेवटी साफसफाई. स्टोरेजचे आयपी डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटणाऱ्या) रेंजमधून बाहेर काढा. एआरपी टेबलं साफ करून घ्या, कारण सिस्कोच्या आयओएस राउटरवर जुनी नोंद डिफॉल्टने 4 तास राहू शकते. आर्पिंग पुन्हा चालवा, एकच मॅक दिसू द्या. आता अलर्ट क्लिअर करा. ज्यांचे दोन्ही मॅक आपल्याच अ‍ॅरेचे निघतील त्यांनी खाली पोर्ट आणि सबनेटची मांडणी लिहा, खरे आयपी मात्र टाकू नका.