वकिली गरिबांची, हप्ता बँकेचा

[दृश्य : महापालिका मार्ग, किल्ला कोर्टाचे प्रवेशद्वार, सकाळची गर्दी]

किल्ला कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या या तरुण वकीलबाईंच्या पिशवीत आज तीन आरोपींचे कागद आहेत आणि तिघांपैकी एकाकडूनही फी यायची नाही. आत चित्रीकरणाला परवानगी नसल्याने कॅमेरा फाटकाबाहेरच थांबतो. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी दाखवलेला वकालतनामा, म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याचा कागद, पाहण्यासारखा आहे.

[दृश्य : वकालतनामा, अगदी जवळून]

पक्षकाराच्या अंगठ्याची निळी शाई कडेला फुटली आहे, शेजारी तुरुंगाधिकाऱ्याची सही आणि शिक्का आहे, वर कोपऱ्यात वकील कल्याण निधीचे तिकीट चिकटवले आहे. हा कागद हाती आला की खरे काम सुरू होते. आर्थर रोड कारागृहात मुलाकात घ्यायची, नातेवाइकांचा पत्ता काढायचा, जामिनाचा अर्ज करायचा. आणि जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नसेल, तर रोख जामिनावर सुटका व्हावी म्हणून पुन्हा वेगळा अर्ज लिहायचा.

[दृश्य : आर्थर रोड, कारागृहाबाहेरची रांग]

2022 अखेर देशातील तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 जण कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्या खटल्यांचा निकाल लागायचा होता. राज्यघटनेत 1976 च्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद 39-क आणि 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा यांमुळे कोठडीतील व्यक्तीला, तसेच स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मागता येतो. त्या वकिलाचे घर कशावर चालावे, याकडे मात्र आपल्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही.

[दृश्य : चाळीतील खोली, टेबलावर बँकेचे पासबुक]

या वकीलबाईंनी पाच वर्षांची पदवी कर्ज काढून घेतली. शैक्षणिक कर्जाची रीत साधारण अशी असते : साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चढत राहते. सात लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे 9,250 रुपये पडतो. मुदत पंधरा वर्षांची करून घेतली, तर तो साडेसात हजारांवर येतो आणि सात लाखांचे साडेतेरा लाख फेडावे लागतात.

याच्यासमोर मिळकत ठेवून पाहा. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरातील ज्युनिअर वकिलाला महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले, पण ती केवळ शिफारस आहे आणि ती पाळायची की नाही हे सिनिअरच्या मर्जीवर अवलंबून असते. त्याच वर्षी 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही असा निर्णय दिला, त्यामुळे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, 750 रुपयांत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना 125 रुपयांत मिळणे शक्य झाले. हा दिलासा मोठा होता, पण तो एकदाच भरायच्या पैशांचा होता. हप्ता दर महिन्याला येतो.

सरकारी मदतीचेही तेच. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, ती मात्र सवलतीच्या काळापुरती, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीच्या काळापुरती. ज्या महिन्यापासून हप्ता सुरू होतो, त्या महिन्यापासून मदत बंद होते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट आहे, तिचा लाभ आयकर भरण्याइतके कमावणाऱ्यालाच होतो.

[दृश्य : कोर्टाबाहेरची टपरी, झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग]

या वकीलबाईंसोबत सनद घेतलेल्या दोघांनी कंपन्यांच्या विधी विभागात नोकरी धरली.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावरील कागदपत्रे]

यावर इलाज नाही असे नाही. अमेरिकेत हार्वर्ड विधी महाविद्यालयाने 1978 पासून कमी पगाराच्या कामात शिरलेल्या पदवीधरांचे हप्ते उचलायला सुरुवात केली, आणि 2007 च्या कायद्याने सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत 120 पात्र हप्ते भरणाऱ्याचे उरलेले संघीय, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचे, कर्ज माफ करण्याची तरतूद झाली. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षे महिना 5,000 रुपये देण्याची योजना आणली होती. तिला जनहिताच्या कामाची अट नव्हती.

[दृश्य : संध्याकाळ, चर्चगेट परिसर, विधी महाविद्यालयाची इमारत]

मुंबईत 1855 पासून कायदा शिकवला जातो आणि इथल्या महाविद्यालयांतून शिकून मोठे झालेल्या वकिलांची या शहरात वाण नाही. त्यांच्या वर्गणीतून गरिबांची वकिली करणाऱ्यांचे कर्जाचे हप्ते भरणारा निधी उभा राहू शकतो, असे आमचे मत आहे. मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने कामाचा वार्षिक दाखला द्यावा, निधीने रक्कम वकिलाच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावी, आणि मिळकत वाढेल तसा निधीचा वाटा उतरावा. पहिली रक्कम भरायची ती सवलतीचा काळ संपतो त्याच महिन्यात, कारण कंपनीकडून आलेले नेमणूकपत्र बहुधा त्याच महिन्यात टेबलावर असते.