प्लास्टिक क्रेटला आरएफआयडी टॅग घेताय? आधी क्रेटमध्ये काय भरता ते बघा

नमस्कार मंडळी! चाकणच्या पट्ट्यात प्लास्टिकचे बिन व्हेंडरकडून प्लांटला भरून जातात आणि रिकामे परत येतात, आणि त्यातला कुठला बिन कुणाकडे अडकलाय हे कळावं म्हणून आरएफआयडी टॅग लावायचा (आत छोटी चिप आणि ॲंटेना असते, गेटवरचं रीडर यंत्र रेडिओ लहरींनी त्यातला नंबर लांबूनच वाचतं), इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पण टॅग निवडायची वेळ आली की सगळे कॅटलॉगमध्ये आधी रेंज बघतात, म्हणजे टॅग किती लांबून वाचला जातो, दहा मीटर की पंधरा मीटर. माझं स्पष्ट म्हणणं आहे, तो आकडा सगळ्यात शेवटी बघा.

कारण क्रेट टॅगला त्रास देत नाही, आतला माल देतो. आपला टॅग यूएचएफ, म्हणजे अति-उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरींवर चालणारा, फास्टॅगवाल्याच पट्ट्यातला, ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा. या लहरी साध्या प्लास्टिकमधून आरपार जातात, पण धातूवर आपटून परत फिरतात आणि पाण्यात जिरतात. म्हणजे रिकाम्या क्रेटवर झकास वाचला जाणारा टॅग, आत धातूचं कास्टिंग भरलं आणि ते भिंतीला टेकलं की गप्प. टोमॅटो भरले तरी तेच, कारण टोमॅटो म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून टॅग वरच्या काठाजवळ किंवा हँडलपाशी लावा, जिथे माल आणि टॅगमध्ये थोडी हवा राहते, आणि पॅलेटवर क्रेट रचताना टॅगची बाजू बाहेर ठेवा, मधल्या क्रेटचा टॅग मालाच्या आड गेला की गेटवरचा रीडर त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे काळे ईएसडी बिन, म्हणजे स्थिर विजेपासून माल वाचवणारे, मात्र वेगळे. त्यात वीज वाहून नेणारा कार्बन असतो, त्यामुळे तिथे भिंतच आडवी येते, साधा स्टिकर टॅग चालत नाही, धातूवर लावायचा जाड टॅग घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो.

आता चिकटवण्याचं. क्रेट ज्या प्लास्टिकचे बनतात त्या पॉलिप्रोपिलीन आणि एचडीपीईला साधा गोंद नीट धरतच नाही. गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्याच्या धुलाईत आधी स्टिकरचा एक कोपरा उचलला जातो, मग त्याखाली पाणी शिरतं, मग ॲंटेना सुटते, आणि क्रेट दिसायला चांगला पण सिस्टीममध्ये गायब. नवीन क्रेट बनवून घेत असाल तर टॅग मोल्डिंगमध्येच आत घालून घ्या, हे सगळ्यात टिकाऊ. जुने क्रेट असतील तर भोकांचा कडक टॅग आणि प्लास्टिकचे रिव्हेट. धातूचे रिव्हेट ॲंटेनाजवळ नकोत, आणि खाण्याच्या क्रेटला टॅगमागे घाण साचेल अशी फट ठेवू नका, ती घाण धुणाऱ्या माणसाला दिसत नाही.

अजून एक. रिकामे क्रेट एकात एक बसवले की टॅग एकमेकांना जवळजवळ चिकटतात आणि एकमेकांचं ट्यूनिंग बिघडवतात, मग रिकाम्या थप्पीची मोजणी कमी येते. समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन टॅग लावले तर निदान एक तरी वाचला जायची शक्यता वाढते, फक्त त्या क्रेटच्या दोन्ही टॅगमध्ये जीएस१ (बारकोडचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) चा एकच जीआरएआय नंबर, म्हणजे परत येणाऱ्या क्रेटचा ओळख क्रमांक, लिहा, म्हणजे सॉफ्टवेअर एका क्रेटला दोन धरणार नाही. लिहून झालं की पासवर्डने लॉक करा आणि तोच नंबर बारकोडसकट क्रेटवर छापा, कारण टॅग मेला तरी गोडाऊनमधल्या माणसाला क्रेट ओळखता आला पाहिजे.

ऑर्डर देण्याआधी प्रत्येक प्रकारचे थोडे सॅम्पल मागवा, भरलेल्या क्रेटवर लावा, तुमच्याच वॉशिंग लाईनवरून पुन्हा पुन्हा काढा, पूर्ण पॅलेट रचून तुमच्याच गेटमधून न्या. सप्लायर रिकाम्या क्रेटवर डेमो देत असेल तर त्याला सरळ सांगा, माल भरून दाखव.