एक गाव, दोन पैसे

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या घराची आवराआवर निघाली की आपल्या मराठवाड्यात तांब्याची नाणी हमखास सापडतात. बहुतेक निजामाची, हाली सिक्क्याची, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या चलनाची. त्यांत एखाद्यावर व्हिक्टोरिया राणी दिसली, तर कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचा पैसा समजून बाजूला सारू नका. उलटं करून मागची बाजू वाचा. तिथं इंग्रजीत 'देवास स्टेट' असेल, तर ऐका.

देवास माळव्यातलं, पण राजे मराठे. तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू अठराव्या शतकात तिथं गेले आणि पुढं गावच दोन घराण्यांत वाटलं गेलं. थोरली पाती, धाकटी पाती. गाव एक, राजे दोन, दरबार दोन! १८७६ साली इंग्रजांनी कायदा केला: संस्थानानं धातू पाठवावा, सरकारी टांकसाळ नाणी पाडून देईल. मात्र वजन सरकारी नाण्याएवढंच, आणि संस्थानानं निदान तीस वर्षं स्वतःची नाणी पाडायची नाहीत. त्या सोयीतून १८८८ चा देवासचा पाव आणा निघाला, म्हणजे एक पैसा. तोही दोन तऱ्हांचा! राणी तीच, साल तेच, वजन तेच, साधारण साडेसहा ग्रॅम. फरक एवढाच, की थोरल्यांच्या पैशावर एस. बी., म्हणजे सीनियर ब्रँच, आणि धाकट्यांच्या पैशावर जे. बी., म्हणजे ज्युनियर ब्रँच. पुन्हा सांगतो: एस. बी. थोरली पाती, जे. बी. धाकटी. अक्षर झिजलं असेल तर उजेड बाजूनं तिरपा पाडा, समोरून नको. आपल्याकडे वाटण्या इतक्या नीट लिहिल्या असत्या, तर बांधाचे निम्मे दावे कोर्टात गेलेच नसते, असो. थोरल्या पातीचा १९४४ चा पैसाही आहे, विक्रमसिंहरावांचा. हेच १९४७ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले.

निजामाची टांकसाळ स्वतःची, हैदराबादची. राणीचा मुखवटा नाही. दोन पैच्या नाण्यावर तुघ्रा, म्हणजे नक्षीदार अक्षरांत गुंफलेलं निजामाचं नाव, आणि हिजरी साल. उर्दू पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, उर्दू शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणून १३३५ चं १३३० वाचलं जातं. सालातून शेकडा तीन वजा करा, ६२२ मिळवा. १३२९ म्हणजे १९११. त्याच वर्षी महबूब अली खान वारले आणि उस्मान अली खान गादीवर आले. तेव्हा १३२९ दिसलं की तुघ्रा कुणाचा ते आधी बघा.

आणि घासू नका. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको. हंड्याला ठीक आहे, नाण्याला नाही. आंबटानं वरचा तपकिरी थर जातो, त्याबरोबर अक्षरंही बोथट होतात. शुद्ध पाण्यात, बॅटरीत घालतात त्या, दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रशनं माती काढा, पूर्ण वाळवा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं वेगळं ठेवा, ओलीत ती कीड वाढत जाते. ठेवायला कागदी पाकीट घ्या. मऊ प्लास्टिकच्या खिशात तांबं चिकट हिरवं होतं.