जुन्या गाडीत दुसरा गिअरबॉक्स बसवताना क्लच कोणत्या गाडीचा घ्यावा?

नमस्कार मंडळी. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी आणि जुन्या जीपवरचे व्हिडिओ टाकू लागल्यापासून लातूर, नांदेड, बीड, सगळीकडून मला एकच प्रश्न येतो : "गिअरबॉक्स बदलतो आहे, क्लचप्लेट कोणत्या गाडीची टाकू?" या प्रश्नाला नुसते गाडीचे नाव सांगून उत्तर देणे मी थांबवले आहे. त्याचे कारण आज सविस्तर सांगतो.

सोपा भाग आधी उरकतो. प्रेशर प्लेट, म्हणजे क्लचप्लेटला दाबून धरणारी प्लेट, फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, बोल्टने बसते, म्हणून ती इंजिनाच्या मापाची घ्यावी. क्लचप्लेटचा बाहेरचा व्यासही फ्लायव्हीलप्रमाणेच हवा, पण तिच्या हबचे, म्हणजे मधल्या भागाचे, दाते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर, म्हणजे इंजिनाकडे येणाऱ्या दांड्यावर, बसणारे हवेत. इथे केवळ दाते मोजून भागत नाही. जीपच्या टी-९० या तीन गिअरच्या बॉक्सचा शाफ्ट १० दात्यांचा आणि सुमारे २८.६ मिलिमीटर व्यासाचा असतो. १० दात्यांचेच, पण सुमारे २७ मिलिमीटरचे शाफ्टही जुन्या गाड्यांत सापडतात. प्लेट हाताने शाफ्टवर चढवून पाहावी. ती न अडकता सरकली पाहिजे आणि डुगडुगता कामा नये.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला, त्या रिलीज बेअरिंगकडे येतो. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे हे बेअरिंग गिअरबॉक्सच्या फोर्कवर, म्हणजे त्याला ढकलणाऱ्या दुभंगी दांड्यावर, बसते आणि इंजिनाकडच्या प्रेशर प्लेटच्या फिंगर, म्हणजे मधोमध आलेल्या पट्ट्या, दाबते, त्यामुळे गिअरबॉक्स एका गाडीचा आणि प्रेशर प्लेट दुसऱ्या गाडीची असेल, तर बेअरिंगची उंची दोघांपैकी कोणाच्याही पार्ट नंबरवरून ठरत नाही. ती मोजूनच ठरवावी लागते. दुकानदार गाडीचे नाव विचारतो, डबा काढून देतो आणि आपण निश्चिंत होतो, ही सवय मला मनापासून खटकते.

लातूरच्या एका मित्राने अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनामागे इसुझू इंजिनाबरोबर येणारा पाच गिअरचा बॉक्स अ‍ॅडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडप्लेट) करून बसवला. बेअरिंग त्याने गिअरबॉक्सच्या गाडीचे घेतले. पेडल तळापर्यंत दाबले तरी क्लच पूर्ण सुटेना आणि रिव्हर्स टाकताना दाते करकरत. मेकॅनिकने गिअरबॉक्सलाच दोष दिला आणि तो उघडलाही. दोष मात्र बेअरिंगच्या उंचीत होता : अ‍ॅडॅप्टर प्लेटच्या जाडीएवढे बेअरिंग फिंगरपासून लांब गेले होते, आणि फोर्कची बरीचशी चाल ते अंतर कापण्यातच संपत होती.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा असतो. बेअरिंग जास्त उंच असेल, तर पहिल्या दिवशी क्लच उत्तम सुटतो आणि काम झाले असे वाटते. पण क्लचप्लेटचे लायनिंग जसजसे झिजते, तसतशी फिंगरची टोके मागे, बेअरिंगच्या दिशेने येतात, आणि लायनिंगच्या झिजेपेक्षा ती कितीतरी पटींनी जास्त सरकतात. मोकळी जागा संपली की बेअरिंग फिंगरना कायम दाबून धरते. मग भरलेली गाडी कन्नडच्या घाटात चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. परभणीच्या एका प्रेक्षकाने लिहिले होते की, नवी प्लेट टाकूनही क्लच घसरतो, तेव्हा प्लेट नकली असणार. नकली माल बाजारात आहे, हे खरे. परंतु नव्या प्लेटला दोष देण्यापूर्वी पेडल सोडलेले असताना फोर्क थोडा तरी मोकळा हलतो का, हे पाहावे.

म्हणून गिअरबॉक्स चढवण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत. प्रेशर प्लेट पूर्ण आवळून झाल्यावर, बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचे गिअरबॉक्सकडचे घंटेसारखे आवरण, इंजिनाला जिथे टेकते त्या पृष्ठभागापासून फिंगरची टोके किती बाहेर आली आहेत, हे पहिले माप. अ‍ॅडॅप्टर प्लेट असेल, तर ती लावून तिच्या बाहेरच्या बाजूपासून मोजावे. फोर्क पूर्ण मागे ठेवून, बेल हाउसिंगच्या कडेपासून बेअरिंगचे तोंड किती आत आहे, हे दुसरे माप. दुसऱ्यातून पहिले वजा केले की मोकळी जागा मिळते. समजा, ६२ वजा ५८, म्हणजे ४ मिलिमीटर. उत्तर शून्य किंवा उणे आले, तर गिअरबॉक्स चढवूच नये. खूप मोठे आले, तर बेअरिंगचा कॅरिअर, म्हणजे ते ज्यावर बसते तो भाग, बदलावा. सरळपट्टी आणि व्हर्निअर एवढ्यावर हे काम होते.

बेअरिंगचा प्रकारही पाहावा. जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या क्लचमध्ये ग्रॅफाइटचे बेअरिंग असते. ते प्रेशर प्लेटवरच्या सपाट कडीवर टेकण्यासाठी केलेले असते. डायफ्रॅमच्या, म्हणजे ताटलीसारखी स्प्रिंग असलेल्या क्लचच्या, उघड्या फिंगरवर ते टिकणार नाही.

क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात बसून इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणाऱ्या पायलट बुशचा बाहेरचा व्यास क्रँकशाफ्टच्या मापाचा आणि आतला इनपुट शाफ्टच्या टोकाच्या मापाचा हवा. तयार मिळाला नाही, तर वाळूज किंवा चिखलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतले लेथचे कारागीर तो उत्तम करून देतात. शाफ्टचे टोक बुशमध्ये पुरेसे शिरते का, आणि तळाला टेकत तर नाही ना, हे दोन्ही तपासावे. बेल हाउसिंग हाताने टेकत नसेल, तर बोल्ट आवळून ते ओढून घेऊ नये. त्याचा दाब थेट क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर, म्हणजे क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर, येतो.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या, क्लचबद्दल नांदेडहून प्रश्न आला आहे : मोकळी जागा बरोबर आहे, तरी क्लच सुटत नाही. तिथे पेडलकडच्या मास्टर आणि फोर्ककडच्या स्लेव्ह सिलिंडरचे बोअर, म्हणजे आतले व्यास, पाहावेत. पाऊण इंची मास्टर सिलिंडरचा पिस्टन २५ मिलिमीटर सरकला, तर एक इंची स्लेव्हचा पिस्टन सुमारे १४ मिलिमीटर सरकतो आणि ७/८ इंचीचा सुमारे १८. लहान स्लेव्हने चाल वाढते, पण पेडल जड होते. म्हणून आधी फोर्कला किती चाल लागते ते मोजावे, आणि मगच स्लेव्ह सिलिंडर विकत घ्यावा.