पेन्सिलीचं नाव लावणारी कंपनी

[दृश्य: कोरा कागद, पेन्सिलीचं टोक. मागून टक्, टक् असा आवाज.]

हा आवाज ऐकला की कंपासपेटी आठवते. पेन पेन्सिल म्हणा, क्लच पेन्सिल म्हणा, वर्गात ती ज्याच्याकडे असायची त्याचा रुबाब वेगळाच असायचा. जपानी पोरं तिला 'शापेन' म्हणतात. मूळ शब्द शार्प पेन्सिल, बोलून बोलून झिजलेला. आणि हे 'शार्प' म्हणजे तेच, जे आपण टीव्हीवर, मायक्रोवेव्हवर, कॅलक्युलेटरवर वाचत आलो. कंपनीला नाव मिळालं ते पेन्सिलीवरून, आणि ती पेन्सिल कंपनीच्या हातातून गेली त्याला आता शंभर वर्षं झाली. ती कशी गेली हे सांगायचं, तर जरा मागे जावं लागेल.

[दृश्य: जुन्या टोकियोतली अरुंद गल्ली, लाकडी घरं.]

तोकुजी हायाकावा. जन्म १८९३, टोकियो. लहानपणीच दुसऱ्या घरी दत्तक दिलेला. तिथल्या सावत्र आईनं पोराचे हाल केले. शाळा दुसरीत सुटली आणि घरी बसून काडेपेट्या चिकटवणं सुरू झालं. शेजारी एक अंध बाई राहत. त्यांना हे बघवेना, म्हणजे ऐकवेना म्हणू या. १९०१ साली त्यांनी पोराचा हात धरला आणि धातूची नक्षीदार कामं करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात नेऊन त्याला कामाला लावलं. तोकुजीला आठ वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या वाटेवर कोण कोणाला नेत होतं, सांगणं अवघड आहे. बाईंना रस्ता दिसत नव्हता आणि पोराला तो माहीत नव्हता.

त्या हाताची आठवण तोकुजींनी जन्मभर ठेवली. पुढे त्याकडे येऊच.

[दृश्य: पट्ट्याचं बक्कल, जवळून.]

उमेदवारी संपली तेव्हा तोकुजीच्या हाती धातूची कला होती. एकदा एका चित्रपटात त्याला एक पात्र दिसलं, पट्टा ढिला, टोक लोंबतंय. त्यावरून त्यानं बिनभोकाच्या पट्ट्याचं बक्कल काढलं. पट्टा कुठेही घट्ट करा, भोक पाडायला नको. ३३ ग्रोसची ऑर्डर आली. एक ग्रोस म्हणजे १४४ नग, करा गुणाकार. तेवढ्या बळावर १९१२च्या सप्टेंबरमध्ये त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. वय १८. भांडवल सुमारे ५० येन, त्यातले ४० उसने.

पेन्सिल आली १९१५ साली. तेव्हाही यांत्रिक पेन्सिली होत्या, पण खेळण्यासारख्या, चटकन मोडणाऱ्या. तोकुजीनं आतली यंत्रणा पितळेची केली आणि बाहेर धातूची नळी. आज आपण बटण दाबतो, ती पेन्सिल मात्र पिळायची. पिळलं की शिसं तसूतसूनं पुढे येणार. दुकानदारांनी नाकं मुरडली. धातूची वस्तू थंडीत हाताला गार लागते आणि किमोनोवर शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग योकोहामाच्या एका व्यापारी पेढीमार्फत युरोप-अमेरिकेतून मागणी आली आणि त्याच दुकानदारांना ती एकाएकी शोभायला लागली. घरच्या मालाला बाहेरची पावती लागते, हा अनुभव काही फक्त आपला नाही. पेन्सिलीचं नाव पडलं 'एव्हर-रेडी शार्प पेन्सिल'. १९२३पर्यंत कारखान्यात सुमारे २०० माणसं झाली होती.

[दृश्य: कोसळलेली घरं, धूर. पार्श्वसंगीत नको.]

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं. घरोघरी चुली पेटलेल्या. टोकियोभोवतालच्या कांतो भागात भूकंप झाला, आणि धक्क्यातून वाचलेलं आगीनं नेलं. एक लाखाहून जास्त माणसं गेली. तोकुजींची दोन्ही मुलं गेली. पत्नीही त्यातून वाचली नाही. कारखान्याची राख झाली. आणि वर मालाचं वितरण करणाऱ्या कंपनीनं आपले पैसे परत मागितले.

देण्यापोटी त्यांनी पेन्सिलीचे हक्क देऊन टाकले. नव्या मालकांना माल कसा करायचा ते शिकवायला स्वतः ओसाकाला गेले. ज्या वस्तूनं नाव दिलं ती दुसऱ्याला शिकवून मोकळे झाले आणि बरोबर एका वर्षानं, १ सप्टेंबर १९२४ रोजी, ओसाकात धातुकामाचा नवा छोटा कारखाना काढला. तारीख मुद्दाम निवडली असणार, असं मला वाटतं.

[दृश्य: गॅलिना या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार.]

त्या सुमारास ओसाकात घड्याळांच्या एका दुकानात अमेरिकेहून दोन क्रिस्टल रेडिओ आले. तोकुजींनी त्यातला एक साडेसात येनना घेतला आणि घरी आणून उघडला. वीज म्हणजे काय, याचं शिक्षण शून्य. पण धातूची तार, पत्रा, कळ, हे हातचं होतं. त्या रेडिओला ना बॅटरी लागे ना विजेची जोडणी. खड्यावर तारेचं टोक टेकवून नेमकी जागा शोधायची, की कानाला लावलेल्या इअरफोनमध्ये बारीक आवाज यायचा. १९२५ साली ओसाकाचं प्रसारण सुरू झालं आणि तोकुजींचा रेडिओ वाजला. त्यांनी तो साडेतीन येनना विकला, परदेशी रेडिओच्या निम्म्याहून कमी दरात. मालावर नाव घातलं 'शार्प'. पेन्सिल गेली होती, नाव तेवढं त्यांनी ठेवलं.

[दृश्य: १९५३चा टीव्ही, लाकडी पेटी, छोटा पडदा.]

युद्धाची वर्षं आणि त्यानंतरची तंगी मी इथे भरभर ओलांडतो. १९५०च्या सुमारास कंपनी बुडता बुडता वाचली. पण त्याच १९५० साली तोकुजींनी एक गोष्ट केली. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना त्यांनी आधीपासून कामावर घेतलं होतं, त्यांच्या विभागाची आता वेगळी कंपनी केली. त्या शेजारच्या बाई तोपर्यंत कुठे होत्या कोण जाणे. ऋण असं फेडलं.

१९५३च्या जानेवारीत शार्पचा, जपानमधला पहिला, मोठ्या संख्येनं बनवलेला टीव्ही बाजारात आला. किंमत १,७५,००० येन. नुकता नोकरीला लागलेला सरकारी कारकून तेव्हा महिन्याला साडेपाच हजारही कमावत नव्हता.

[दृश्य: मेजावर प्रचंड कॅलक्युलेटर. माणूस दोन्ही हातांनी तो उचलायचा प्रयत्न करतो.]

आता माझा आवडता भाग. १९६४ साली शार्पनं पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा कॅलक्युलेटर काढला, सीएस-१०ए. वजन २५ किलो. तांदळाची गोणी डोळ्यांसमोर आणा. किंमत ५,३५,००० येन, तेवढ्यात छोटी मोटार येत असे. मग सुरू झालं कॅलक्युलेटर-युद्ध. डझनावारी कंपन्या उतरल्या. रोज कोणीतरी वजन कमी करतंय, कोणीतरी भाव पाडतंय.

शार्पचे तंत्रज्ञ ताडाशी सासाकी अमेरिकेत चिप बनवणाऱ्यांची दारं ठोठावत फिरले. त्या लोकांना लष्कराची कामं सोडून दुकानदारांच्या यंत्रासाठी चिप करण्यात रस नव्हता. सगळीकडून नकार घेऊन सासाकी परतीच्या विमानतळावर पोचले, तेव्हा रॉकवेल या अमेरिकी कंपनीकडून होकाराचा निरोप आला, असं सांगतात. १९६९ साली त्या चिपा घातलेला कॅलक्युलेटर आला, दीड किलोच्या आतला. १९७३ साली आलेल्या ईएल-८०५चा पडदा द्रव स्फटिकाचा, म्हणजे एलसीडी. एका साध्या पेन्सिल सेलवर सुमारे शंभर तास चाले. वजन २१० ग्रॅम. नऊ वर्षांत गोणीचं पाकीट झालं.

मध्येच १९७०चं ओसाकाचं जागतिक प्रदर्शन आलं. सेनरी टेकड्यांवर प्रत्येक मोठी कंपनी आपला भव्य मंडप उभारत होती. शार्पनं मंडपाचे पैसे वाचवले आणि त्यात बरीच भर घालून तेनरी गावी चिपांचं संशोधन केंद्र आणि कारखाना उभारला. 'सेनरीपेक्षा तेनरी', असं तेव्हा कंपनीत म्हणत. लग्नाचा मांडव टाळून विहीर खणली म्हणा ना.

तोकुजी १९८० साली, वयाच्या ८६व्या वर्षी गेले.

[दृश्य: नव्वदच्या दशकातली दिवाणखान्याची खोली, टीव्हीवर विणलेलं आच्छादन.]

आपल्याकडे हे नाव पोचलं 'कल्याणी शार्प' म्हणून. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाला त्यांचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात त्या टीव्हीवर क्रिकेट बघितलेली घरं पुण्यात आजही सापडतील.

[दृश्य: अवाढव्य काच, तिच्याशेजारी पांढऱ्या पोशाखातला यंत्रमानव.]

मग नशा चढली. १९९८ साली अध्यक्ष कात्सुहिको माचिदा यांनी जाहीर केलं, २००५पर्यंत जपानमध्ये आमचा प्रत्येक टीव्ही एलसीडी असेल. लोक हसले, पण २००१ साली 'अ‍ॅक्वोस' हा एलसीडी टीव्ही आला, २००४ साली जपानमधल्या कामेयामा इथला टीव्हीचा कारखाना सुरू झाला आणि 'कामेयामा मॉडेल' असं लिहिलेली चिठ्ठी बघून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला लागलं. इथवर ठीक होतं.

२००९ साली ओसाकाजवळ साकाईचा कारखाना उघडला. तिथली एकेक काच सुमारे २.९ मीटर बाय ३.१ मीटर. चाळीतली दहा बाय दहाची खोली त्या एका काचेनं झाकावी. एका काचेतून अनेक मोठे पडदे कापायचे, हा हिशोब. पण २००८ची मंदी आली होती, येन महाग झाला होता, कोरियाच्या कंपन्या भाव पाडत होत्या, आणि एवढी काच रोज वापरायची तर तेवढे टीव्ही रोज खपायला हवेत. खपले नाहीत. ज्या घरानं आयुष्यभर वस्तू लहान करून पैसे मिळवले, त्यानं सगळा डाव लांबी-रुंदीवर लावला. मला यात दुर्दैवापेक्षा विसराळूपणा जास्त दिसतो.

२०१२, शतकमहोत्सवी वर्ष. मार्चअखेर तोटा ३७६ अब्ज येन. पुढच्या वर्षी ५४५ अब्ज. ओसाकातली मुख्य कचेरीची इमारत फर्निचर विकणाऱ्या कंपनीला विकावी लागली. तोकुजींनी ओसाकात नव्यानं सुरुवात केली होती, ती याच भागात. २०१६ साली तैवानच्या फॉक्सकॉननं ३८८.८ अब्ज येन घालून ६६ टक्के मालकी घेतली. जपानची एवढी मोठी, घरोघरी पोचलेली इलेक्ट्रॉनिक्स कंपनी परक्या हाती जाण्याची ही पहिलीच वेळ.

[दृश्य: साकाईचा कारखाना, रिकामं आवार.]

साकाईतलं टीव्हीच्या पडद्यांचं उत्पादन ऑगस्ट २०२४मध्ये थांबलं. आवार डेटा सेंटरसाठी विकलं गेलं.

[दृश्य: ओसाकातला एक छोटा कारखाना. कामगार बाकावर, हात कामात.]

१९५० साली काढलेली ती छोटी कंपनी, जिथे सुरुवातीला दृष्टी गेलेले सैनिक काम करत, ती मात्र ओसाकात चालू आहे. अपंग कामगार अजून तिथे सुटे भाग जोडतात. नावात 'शार्प' आहेच.

[आवाज: टक्. काळा पडदा.]