पहिला नंबर कोणाचा? : राजेंद्रनगरातला हॉट हॅचचा वाद

(दृश्य : इंदूर, राजेंद्रनगर. रविवारची सकाळ. गॅरेजचं शटर अर्धं वर. आत लाल फियाट पॅलिओ, बॉनेट उघडं.)

जगातली सर्वांत भारी हॉट हॅच कोणती? या गॅरेजमध्ये हा वाद दर रविवारी निघतो आणि दर रविवारी अर्धवट राहतो. वाद घालणारी माणसं तीन. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका; ही लाल पॅलिओ त्यांची. त्यांची पुतणी, जिच्या मोबाइलमध्ये प्रत्येक गाडीचे आकडे तयार असतात. आणि गॅरेजवाले दादा. दादांचा आकड्यांवर विश्वास नाही, कारण आकडे लिहिणाऱ्याला गाडीखाली झोपावं लागत नाही.

हॉट हॅच म्हणजे काय, ते आधी उरकून घेऊ. चारचौघांची हॅचबॅक घ्यायची, मागे वर उघडणारं दार असलेली. तिच्यात कंपनीनेच दमदार इंजिन, कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक घालून द्यायचे. सोमवारी तीच गाडी ऑफिसला न्यायची, मंगळवारी तिच्यातूनच गॅसचा सिलिंडर आणायचा, आणि रविवारी घाटात सोडायची.

याद्या शेकड्यांनी निघतात. त्यांतली नावं मात्र फिरून फिरून तीच. गोल्फ जीटीआय, प्यूजो २०५ जीटीआय, लान्चिया डेल्टा इन्टेग्राले, क्लिओ विल्यम्स, सिव्हिक टाइप आर, फोकस आरएस, अलीकडे जीआर यारिस. नावं ठरलेली असूनही क्रम दर वेळी बदलतो, कारण प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. म्हणून आज आम्ही आधी फूटपट्ट्याच तपासणार आहोत.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. पहिली गोल्फ जीटीआय, पुढच्या जाळीभोवती लाल रेघ.)

पहिली फूटपट्टी मानाची. आधी कोण आलं? बहुतेक जण गोल्फ जीटीआयचं नाव घेतात. फोक्सवागनने ती सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली आणि १९७६ मध्ये विकायला काढली. १६०० सीसीचं इंजिन, ११० पीएस (म्हणजे जवळपास तितकीच अश्वशक्ती) ताकद, वजन सव्वाआठशे किलोच्या आत. कंपनीचा अंदाज होता की ५००० गाड्या खपल्या तरी पुष्कळ. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक विकल्या गेल्या. आतल्या चौकटीच्या कापडाची सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या डिझायनरची कल्पना. जीटीआयच्या सीटला आजही तसलं चौकटीचं कापड लावतात.

आता खोडा. फ्रान्सची सिम्का ११०० टीआय गोल्फच्या आधी रस्त्यावर आली होती. इटलीची ऑटोबियांकी ए११२ अबार्थ तर १९७१ ची. म्हणजे काटेकोरपणे बघितलं तर गोल्फ पहिली ठरत नाही. तिचं श्रेय वेगळं आहे. हा प्रकार लाखो लोकांनी विकत घ्यावा असा असू शकतो, हे तिने दाखवलं. मला हे श्रेय आधी येण्यापेक्षा मोठं वाटतं.

काका इथे मिनी कूपर काढतात. १९६४, १९६५ आणि १९६७, तिन्ही वर्षी माँटे कार्लो रॅली मिनीने मारली. १९६६ मध्ये तर पहिले तिन्ही नंबर मिनीचे होते, पण हेडलाइटचे बल्ब नियमात बसत नाहीत म्हणून तिन्ही बाद केल्या आणि विजय सित्रोएनला दिला. ही गोष्ट सांगताना काकांचा आवाज आजही चढतो. पुतणी शांतपणे म्हणते, "काका, त्या मिनीला मागचं दारच नाही. डिकीचं झाकण आहे, तेही खाली उघडणारं. ती हॅचबॅक कशी?"

खरं आहे. मिनीला पंगतीत मानाचा पाट द्यावा, नंबर देता येत नाही.

(दृश्य : प्यूजो २०५ जीटीआय. वळणात मागचं आतलं चाक हलकं झालेलं.)

दुसरी फूटपट्टी चालवण्यातल्या मजेची, आणि इथे प्यूजो २०५ जीटीआय येते. १९८४ ला १६०० सीसी, १०५ पीएस. पुढे १९०० सीसी, १३० पीएस. वजन ९०० किलोच्या आतबाहेर. या गाडीची एक खोड जगजाहीर आहे. वेगात वळण घेताना घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की गाडीचं वजन एकदम पुढच्या चाकांवर जातं. मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो. जाणकार ही खोड वापरून गाडी वळणात आणखी आत ओढायचे. नवखे उलटे तोंड करून शेतात जायचे.

दादा हे ऐकून हसतात. "म्हणजे पाय काढायचा नाही. आमच्याकडं महूपुढच्या जाम घाटात पुढं म्हैस आली तर?"

प्रश्न रास्त आहे. तरी या गाडीबद्दल लिहिणारे हळवे होतात त्यालाही कारण आहे. पॉवर स्टेअरिंग नाही, एबीएस नाही, सावरून घेणारं इलेक्ट्रॉनिक्स नाही. टायर काय करतोय ते थेट हातात कळतं, आणि ते कळायला वेग शंभरावर लागत नाही. जाता जाता : १९९० च्या दशकात आपल्या कल्याणला प्यूजो ३०९ बनत होती. याच कंपनीची, पण साधी, जीटीआय नव्हे. २०५ आपल्या वाट्याला आलीच नाही.

होंडाचं मात्र इंदूरशी जुनं नातं आहे. कायनेटिक होंडा स्कूटर पिथमपुरातच बनायची. बटण दाबून सुरू होणारी ती स्कूटर इंदुरात घरोघरी होती. त्याच होंडाची १९९७ ची सिव्हिक टाइप आर १६०० सीसीच्या इंजिनातून टर्बोशिवाय, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याशिवाय, १८५ पीएस काढत होती. आठ हजारांच्या पुढे फिरणारं इंजिन. पण ती विकली फक्त जपानात. काका म्हणतात, "जपान्यांनी चांगलं ते घरात ठेवलं आणि आपल्याला स्कूटर दिली." मग लगेच दुरुस्ती करतात, "स्कूटर पण चांगलीच होती हं."

(दृश्य : नुर्बुर्गरिंगचा नकाशा. मग पिथमपूरचा नॅट्रॅक्स, उंचावरून.)

तिसरी फूटपट्टी घड्याळाची. पुतणीचा सगळा भर हिच्यावर. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर कोण किती वेळात फेरी मारतं ते बघायचं, संपला वाद. संपत नाही. २०१९ मध्ये रेनॉ मेगान ट्रॉफी आरची वेळ ७ मिनिटं ४० सेकंद लागली. तिचीच दुसरी वेळ ७ मिनिटं ४५.३८९ सेकंद. पहिल्या वेळेत मोजलेलं अंतर २०.६ किलोमीटर, दुसऱ्यात पूर्ण २०.८३२. मोजणी कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, एवढाच फरक. २०२३ मध्ये सिव्हिक टाइप आरने पूर्ण अंतर ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांत कापलं. वीस किलोमीटरवर अर्ध्या सेकंदाची आघाडी.

पण आकड्यात न दिसणारी गोष्ट अशी की त्या मेगानला मागची सीटच नव्हती. वजन कमी करायला काढून टाकली होती. मागे माणूस बसू शकत नाही ती गाडी हॉट हॅचच्या यादीत का मोजायची? सिव्हिकमध्ये मागे दोघं बसतात. माझ्या मते हा फरक अर्ध्या सेकंदापेक्षा मोठा आहे.

घड्याळच लावायचं तर नुर्बुर्गरिंगला कशाला जायचं? राजेंद्रनगरहून राऊ ओलांडून पिथमपूरला पोचलं की नॅट्रॅक्स आहे, वाहनांच्या चाचण्यांचं केंद्र. तिथला ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्यासारख्यांना आत प्रवेश नाही, कंपन्या गाड्या घेऊन येतात. तिथली वळणं इतकी कललेली आहेत की चालक ठरावीक वेगात असेल तर गाडी स्टेअरिंग न ओढता वळते. आणि तीच अडचण. तिथे टॉप स्पीड कळेल. ही गाडी तुम्हाला आवडेल का, ते जाम घाटातल्या दुसऱ्या गिअरच्या वळणावरच कळणार.

इन्टेग्राले आणि जीआर यारिसबद्दल दोन शब्द, कारण त्यांना वगळलं की लोक चिडतात. लान्चिया डेल्टाने १९८७ ते १९९२, सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं कंपन्यांचं अजिंक्यपद घेतलं. जीआर यारिसच्या १६०० सीसीच्या तीन सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची ताकद सुरुवातीला युरोपात २६१ पीएस होती, आणि चारही चाकं ओढतात. दोन्ही जबरदस्त. पण दोन्हींचा जन्म रॅलीसाठी झाला. जीआर यारिसचा सांगाडासुद्धा पुढून यारिसचा आणि मागून कोरोलाच्या घराण्यातला. साध्या यारिसशी नातं नावापुरतंच. माझ्या यादीत या दोघी बसत नाहीत. शिव्या खायची तयारी आहे.

(दृश्य : पुन्हा गॅरेज. दादा पॅलिओखालून बाहेर येतात, हातात रबराचा तुकडा.)

आता आपल्या देशाकडे येऊ. इंदूरला गाड्यांचं वेड नवीन नाही. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग मागवली आणि तिची बॉडी लंडनहून बांधून घेतली, इंजिन ६.९ लिटरचं. पण छोटी आणि चपळ गाडी भारतात इतकी दुर्मीळ का राहिली?

उत्तर २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आहे. छोट्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. छोटी गाडी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. हॉट हॅचला लांबी चालते, इंजिन अडतं. युरोपात ज्या आकाराच्या गाडीत १६०० किंवा २००० सीसी घालतात, तिच्यात इथे तसं इंजिन घातलं की कर वाढतो, किंमत वाढते आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यात तर मोठी गाडी येते. मग कंपन्यांनी छोट्या इंजिनाला टर्बो लावायला घेतला. पोलो जीटी टीएसआय ११९७ सीसी. बलेनो आरएस ९९८. टियागो जेटीपी, अल्ट्रोझ रेसर, दोन्ही १२०० च्या आत. एकेक आकडा बघा, सगळ्या त्या रेषेच्या आत उभ्या आहेत.

रेषा ओलांडणाऱ्यांचं काय झालं? २०१६ मध्ये पोलो जीटीआय आली, १८०० सीसी, १९२ पीएस. किंमत २५ लाखांच्या वर आणि दारं फक्त तीन, मागचं धरून. आईला मागे बसवायचं तर पुढची सीट वाकवा, पदर सांभाळा, डोकं सांभाळा. मोजक्याच आल्या. २०२५ मध्ये खुद्द गोल्फ जीटीआय आली, २६५ पीएस, किंमत ५३ लाख. पहिल्या गोल्फची गंमत अशी होती की साधा नोकरदार ती घेऊ शकत होता. पुतणी म्हणते, "काका, ५३ लाखांत राजेंद्रनगरात काय काय येईल?" काका उत्तर देत नाहीत.

रेषा ओढली जाण्याच्या आधीची गाडी समोर उभी आहे. पॅलिओ १.६ जीटीएक्स. फियाटने २००१ मध्ये पॅलिओ इथे आणली, जाहिरातीत सचिन तेंडुलकर. सोळा व्हॉल्व्हचं १६०० सीसी इंजिन, शंभर पीएस. त्या काळी या किमतीत एवढी ताकद कुणी देत नव्हतं. पेट्रोल पिण्याबद्दल तेव्हाच बदनाम झाली.

दादांच्या हातातला रबराचा तुकडा म्हणजे इंजिनाचं माउंटिंग, इंजिन ज्यावर टेकतं ते. ते दोन बोटांनी दाबून दाखवतात. मधोमध चीर पडलेली, कडेला रबर पिठासारखं सुटतं. "हे गेलं की गिअर टाकताना ठक्क आवाज येतो. लोक म्हणतात गिअरबॉक्स गेला. गिअरबॉक्सला काही होत नाही, भिया." बदली माउंटिंग त्यांनी दुसऱ्या जुन्या गाडीचं काढून ठेवलेलं आहे. ते बसलं, बोल्ट आवळले, आणि आम्ही महूमार्गे जाम घाटाला निघालो.

(दृश्य : महू-मंडलेश्वर रस्ता. पॅलिओ आतून. काका चालवतायत.)

वेगाची परीक्षा घ्यायची नव्हती, आणि रविवारी त्या रस्त्यावर सहलीला आलेली पोरं बघता घेऊही नये. वळणाच्या आधी काका तिसऱ्यातून दुसऱ्यात येतात. इंजिन गुरगुरतं. गाडी किंचित कलते आणि मग तशीच धरून राहते, रस्त्यावर चिकटल्यासारखी. काट्यावर पन्नास. काकांचं वय सत्तरीकडे, चेहरा मात्र वीस वर्षांच्या पोराचा.

तर यादी. माझ्या फूटपट्टीचे निकष तीन : साध्या गाडीतूनच निघालेली असावी, घरच्यांना बसता यावं, आणि साठाच्या वेगातही मजा यावी. जगात पहिली प्यूजो २०५ जीटीआय, तीही १६०० सीसीची, कारण ती १९०० पेक्षा हलकी आणि इंजिन अधिक उत्साही. दुसरी पहिल्या पिढीची गोल्फ. तिसरी १९९७ ची सिव्हिक. भारतात पहिली २०१५ ची अबार्थ पुंटो. १४५ पीएस, पाच दारं, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत दहा लाखांच्या आत ठेवली होती. दुसरी पॅलिओ जीटीएक्स. दोन्ही फियाटच्या कुळातल्या, आणि फियाटचा बिल्ला आज इथल्या एकाही शोरूममध्ये नाही.

तिसऱ्या नंबरावर गाडी अडली. पुतणी टियागो जेटीपीवर ठाम. दादा म्हणतात पोलो जीटी, कारण त्यांच्याकडे कामाला तीच जास्त येते, म्हणजे लोक ती चालवतात. काकांनी मधेच मारुती एस्टीम काढली.

"काका, एस्टीमला डिकी आहे," पुतणी म्हणाली. "ती हॅचबॅक नाही."

"मिनीला पाट मांडलात ना?" काका म्हणाले. "मग तिचाही मांडा."